लॉजच्या रजिस्टरमधले नाव

कार्यकर्त्यांच्या एका शिबिरासाठी आम्ही चौघे रात्री साडेदहाला एका शहराच्या रेल्वे स्टेशनवर उतरलो. समोरच्या गल्लीत स्वस्त लॉज होता. काउंटरवरच्या माणसाने दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणून सांगितले, भाडे ठरले. मग त्याने आधार कार्डे मागितली. आडनावे वाचली, गाव विचारले, 'कोणत्या समाजाचे?' हेही विचारले. आम्ही सांगितले. त्यावर तो म्हणाला, "अहो, त्या खोल्यांचं बुकिंग आहे, माझ्या लक्षातच नव्हतं." आम्ही पायरीवर बॅगा उचलत होतो तेवढ्यात मागून आलेल्या दोघांना किल्ली मिळाली.

पुढच्या लॉजकडे जाताना आमच्यातला एक जण म्हणाला, "आता माझंच कार्ड पुढे करू. माझ्या आडनावावरून काही कळत नाही." आम्ही तसेच केले. खोली मिळाली, गरम पाणी मिळाले. झोप मात्र लागली नाही. खोली मिळवण्यासाठी तिघांनी आपले नाव लपवले होते.

ही गोष्ट आजची वाटते. पण तिला शंभर वर्षांहून जुना इतिहास आहे.

१९१७ साली बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी बडोदा स्टेशनवर उतरले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेला हा तरुण. पण स्टेशनवर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो 'राहायचे कुठे?' हाच. हिंदूंच्या विशी, म्हणजे खाणावळी, आपल्याला घेणार नाहीत हे त्यांना माहीत होते. शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तीही फक्त पारशांसाठीच. तिथल्या रखवालदाराला गिऱ्हाईक हवे होते. त्याने मार्ग काढला : रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहायचे. जेवणखाण आणि राहणे मिळून रोजचा दर दीड रुपया. बाबासाहेबांनी ते मान्य केले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे स्वतःच नोंदवले आहे, काहीही न लपवता.

अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात आले. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मान निघाले. एका हिंदू मित्राने सांगितले, 'तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील.' ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारून सांगतो म्हटले. बाबासाहेबांनी कामाठी बागेत वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. विद्वत्ता होती, सरकारी नोकरी होती, खिशात भाडे होते. तरीही खोली मिळाली ती खोट्या नावाने, आणि तीही अकराच दिवस.

म्हणून आमच्या त्या मित्राला आम्ही दोष देत नाही. खोटे नाव ही माणसाची लबाडी नसते, ती व्यवस्थेने केलेली सक्ती असते. पण बाबासाहेब तिथे थांबले नाहीत. आम्हाला खरा विचार त्याचाच करायचा आहे.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्याबरोबर धर्मशाळाही त्यात होत्या. पण कोणत्या? सार्वजनिक पैशातून बांधलेल्या व चालवलेल्या. खाजगी मालकाची खाणावळ किंवा लॉज या ठरावाच्या बाहेरच राहिला.

गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या संरक्षणासाठी जो मसुदा मांडला, त्यात ही त्रुटी भरून काढली. प्रवासी निवासात जागा नाकारणे हा गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यात आहे. तिचा आधार होता अमेरिकेतला १८७५ चा नागरी हक्क कायदा. गुलामीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी तो केलेला होता. पण १८८३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. खाजगी मालकाने केलेला भेदभाव काँग्रेसच्या अधिकारकक्षेत येत नाही, असा तो निकाल. परिणाम काय झाला? १९३६ पासून हार्लेममधले टपाल कर्मचारी व्हिक्टर ग्रीन यांना एक पुस्तिका काढावी लागली : कृष्णवर्णीय प्रवाशाला कोणत्या गावात कुठे खोली मिळेल याची. अमेरिकेत ज्या शब्दांचा जीव गेला होता, ते शब्द बाबासाहेबांनी इथे उभे केले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ते पुन्हा आले. आणि संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे यांच्यासोबत 'हॉटेल' हा शब्द कायमचा बसला. अमेरिकेला तिथे पोहोचायला १९६४ उजाडले.

'लॉज त्याचा, मर्जी त्याची' असे म्हणणारे आजही भेटतात. १९४८ साली संविधान सभेत 'दुकान' म्हणजे काय असा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी सांगितले की जो आपली सेवा येणाऱ्या कोणालाही देण्यास तयार असतो त्याची जागा म्हणजे दुकान. रस्त्यावर पाटी लावली, दर ठरवला, की ते घर उरत नाही. तिथे जात पाहून गिऱ्हाईक निवडण्याचा हक्क मालकाला नाही.

'पण पुरावा काय? खरेच बुकिंग असेल!' हा दुसरा प्रश्न. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्याचे कलम ४ हॉटेलात प्रवेश रोखणे हा गुन्हा मानते. आणि कलम १२ सांगते की पीडित अनुसूचित जातीचा असेल तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरील, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे बुकिंग होते हे दाखवण्याचा भार लॉजवाल्यावर आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण मिळते.

हे सगळे आम्हाला माहीत होते. आम्ही समाजशास्त्र शिकलो, शिबिरांत हीच कलमे शिकवतो. तरी त्या रात्री पायरीवरून गुपचूप उतरलो. उशीर झाला होता, दमलो होतो, सकाळी कार्यक्रम होता. कारणे खरी होती, पण बडोद्यातल्या त्या तरुणाच्या हाती यातले एकही कलम नव्हते आणि आमच्या हाती सगळी होती. तक्रार न करणे ही आमची चूक होती, आणि ती इथे कबूल करतो.

सकाळी निघताना आम्ही दुसऱ्या लॉजचे रजिस्टर मागून घेतले. एकाच्या नावाखाली उरलेल्या तिघांनी आपापली पूर्ण नावे लिहिली, गावासकट. मॅनेजर म्हणाला, "आता कशाला? तुम्ही तर निघालात."

आम्ही म्हणालो, "राहिलो आम्ही चौघे. नोंद चौघांची हवी."

पुढच्या वेळी ही नावे आम्ही रात्रीच लिहिणार आहोत. तुम्हीही लिहा. खोली नाकारली तर तारीख, वेळ, साक्षीदार टिपून ठेवा आणि सरळ पोलीस ठाणे गाठा.

जयभीम!