भाऊ दाजींच्या नावाचा सोमाली वृक्ष

उत्तर सोमालियातील चुनखडकाच्या कड्यांवर वाढणाऱ्या धूपवृक्षाच्या सालीस चिरा दिल्या म्हणजे जो सुगंधी डिंक स्रवतो, त्याचा व्यापार प्राचीन ईजिप्तइतका जुना आहे. मात्र या वृक्षाच्या वनस्पतिशास्त्रीय नामकरणाचा मार्ग मुंबईतून जातो, ही बाब फारशी परिचित नाही. वनस्पती-अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी 1870 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात बॉसवेलिया या प्रजातीतील, म्हणजे महाराष्ट्रातील साळई जिच्यात मोडते त्याच गटातील, तीन जातींना मुंबईशी संबंधित व्यक्तींची नावे दिली: ‘फ्रेरिआना’ गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून, ‘कार्टेरी’ अरबस्तानच्या किनाऱ्याच्या पाहणीत सहभागी झालेले शल्यचिकित्सक हेन्री कार्टर यांच्यावरून, तर ‘भाऊ-दाजिआना’ डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यावरून.

भाऊ दाजींचा हा मान केवळ स्नेहाचा होता, असे म्हणता येईल, कारण मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाच्या उभारणीत ते आणि बर्डवुड सहकारी होते. परंतु कुष्ठरोगावर वनौषधींचे प्रयोग करणाऱ्या या वैद्याचे नाव औषधी डिंकाच्या वृक्षास द्यावे, यात औचित्याचा विचारही असावा, हा तर्क अधिक पटतो. ती जात मात्र टिकली नाही. थुलिन आणि वारफा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये ‘कार्टेरी’ व ‘भाऊ-दाजिआना’ या दोन्ही जाती ‘बॉसवेलिया सॅक्रा’मध्ये विलीन केल्या, कारण पाने व फुले यांतील भेद एकाच जातीच्या मर्यादेत बसतात, असे त्यांना दिसले. उलट 2012 मधील एका रासायनिक अभ्यासात सोमाली ‘कार्टेरी’ व ओमानी ‘सॅक्रा’ यांच्या डिंकांतून काढलेल्या तेलांतील अल्फा-पायनीन हे द्रव्य ध्रुवित प्रकाशास परस्परविरुद्ध दिशांना वळविते, असे आढळले. असा भेद एकाच जातीच्या वेगवेगळ्या समूहांतही असू शकतो, म्हणून जातींचे विलीनीकरण त्याने कोसळत नाही. तरीही एका जातीचे तेल सर्वत्र एकसारखेच असते, हे गृहीतक त्यामुळे डळमळते.

तेलाच्या वापरात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. डिंकातून वाफेच्या ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेबरोबर उडणारी द्रव्ये थंड करून, मिळणाऱ्या या तेलात पायनीन, लिमोनीन यांसारखी हलकी टर्पीन द्रव्ये असतात व ती अत्तरांत आणि सुगंधी लेपांत उपयोगी पडतात. पण सूजनाशक म्हणून ज्यांची कीर्ती आहे ती बॉसवेलिक आम्ले जड असल्याने मुख्यतः डिंकातच राहतात, त्यामुळे डिंकाचे गुण तेलास चिकटविणे अशास्त्रीय ठरते. हवा व प्रकाश यांमुळे जुने झालेले तेल त्वचेस अधिक बाधक होते, म्हणून ते घट्ट बंद गडद बाटलीत थंड जागी ठेवावे, वाहक तेलात पातळ करूनच त्वचेस लावावे, पोटात घेऊ नये आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण गिळताना ते श्वासमार्गात शिरल्यास फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. वेष्टनावर केवळ जातीचे नाव छापण्याऐवजी डिंकाचा मूळ देश आणि तेलातील प्रमुख घटकांचे प्रमाण दिले, तर बर्डवुड यांच्या जाती उरोत वा न उरोत, ग्राहकास आपण काय विकत घेत आहोत ते निश्चित कळेल.