सीमापार नभोवाणी, परभाषिक

एका देशातील प्रक्षेपण केंद्रावरून, त्या देशाची नसलेली किंवा तेथे रोजच्या व्यवहारात न वापरली जाणारी भाषा वापरून, दुसऱ्या देशातील श्रोत्यांसाठी केलेले रेडिओ प्रक्षेपण. कोलंबोहून भारतीयांसाठी होणारे हिंदी प्रक्षेपण, लंडनहून मराठीत झालेले प्रक्षेपण आणि आंबोलीच्या जंगलातून गोव्यासाठी झालेले पोर्तुगीज प्रक्षेपण ही मराठी माणसाच्या माहितीतली तीन उदाहरणे. अशा प्रक्षेपणाचे आंतरराष्ट्रीय नियम कंप्रता, प्रक्षेपकाची शक्ती आणि केंद्राची जागा यांना बांधतात, भाषेला बांधत नाहीत. भाषेचे बंधन घालायचे असेल तर प्रत्येक देश ते आपल्या कायद्याने आपल्या हद्दीत घालतो. त्यामुळे शेजारी देशाचे भाषाधोरण आकाशातून आलेल्या आवाजाला लागू होत नाही, आणि या विषयातील बहुतेक वाद याच फटीतून निघाले.

तांत्रिक पाया : रेडिओलहरी किती दूर जातात हे कंप्रतेवर ठरते. एफएमच्या लहरी साधारणपणे नजरेच्या टप्प्यापर्यंत पोहोचतात. मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) दिवसा जमिनीलगत जातात, तर रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात. लघुलहरी (शॉर्टवेव्ह) आयनांबर आणि जमीन यांच्यामध्ये उड्या घेत खंडे ओलांडतात. बीड जिल्ह्यातील नारायणगड, म्हणजे वारकऱ्यांची ‘धाकटी पंढरी’, कोणत्याही आंतरराष्ट्रीय सीमेपासून शेकडो किलोमीटर आत आहे. तेथे परदेशी एफएम केंद्र लागणे शक्य नाही, पण शॉर्टवेव्हचा पट्टा असलेल्या संचावर कोलंबो लागत असे. सीमापार नभोवाणीचा इतिहास म्हणूनच मुख्यतः शॉर्टवेव्हचा इतिहास आहे.

आंतरराष्ट्रीय नियम : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ‘रेडिओ नियमावली’ सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक आहे. तिच्या २३व्या कलमात या विषयाची दोन मुख्य सूत्रे आहेत. पहिले असे, की कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर जहाजावर, विमानात किंवा तरंगत्या वस्तूवर नभोवाणी केंद्र उभारण्यास मनाई आहे. दुसरे सूत्र शक्तीचे आहे : ५०६० किलोहर्ट्झच्या खाली आणि ४१ मेगाहर्ट्झच्या वर, देशाच्या सीमेच्या आत चांगली सेवा काटकसरीने देण्यास लागेल त्याहून अधिक शक्ती तत्त्वतः वापरू नये (याला ३९०० ते ४००० किलोहर्ट्झचा पट्टा अपवाद आहे). म्हणजे मध्यम लहरी आणि एफएम घरच्या श्रोत्यांसाठी राखल्या. मधला शॉर्टवेव्हचा पट्टा या मर्यादेतून मोकळा राहिला आणि परदेशी प्रक्षेपणाला रीतसर दार मिळाले.

शॉर्टवेव्हच्या ५९०० ते २६१०० किलोहर्ट्झ या भागातील वेळापत्रके १२व्या कलमानुसार वर्षातून दोन हंगामांसाठी ठरतात. एक हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो, दुसरा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. एकाच कंप्रतेवर दोन केंद्रे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून देशोदेशींच्या यंत्रणा आपापसांत जुळवून घेतात. मध्यम लहरींसाठी आशिया, आफ्रिका आणि युरोपसाठी जिनीव्हा येथे १९७५ मध्ये आराखडा झाला आणि तो २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आला. त्यानुसार केंद्रांमध्ये नऊ किलोहर्ट्झचे अंतर ठेवले जाते. परभणी १३०५, पुणे ७९२ आणि मुंबई १०४४ या आकाशवाणीच्या परिचित कंप्रतांना नऊने नि:शेष भाग जातो, तो या करारामुळे. परभणीच्या श्रोत्याने पाठ केलेला आकडासुद्धा असा जिनीव्हात ठरलेल्या पाढ्यातला आहे.

मजकुरावर बंधन घालण्याचा सर्वांत ठळक प्रयत्न राष्ट्रसंघाने केला. ‘शांततेसाठी नभोवाणीचा वापर’ या विषयावरील आंतरराष्ट्रीय करारावर सप्टेंबर १९३६ मध्ये जिनीव्हा येथे सह्या झाल्या आणि तो १९३८ मध्ये अमलात आला. दुसऱ्या देशातील लोकांना अंतर्गत शांतता भंग करण्यास चिथावणारे प्रक्षेपण आणि जाणूनबुजून दिलेल्या खोट्या बातम्या यांना त्यात मनाई होती. ब्रिटिश भारतही या करारात होता. पुढच्या वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि करार कागदावर उरला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील १९व्या कलमाने माहिती मिळवण्याचा हक्क ‘सीमांचा विचार न करता’ मान्य केला, तर १९५० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने परकीय प्रक्षेपणात मुद्दाम खरखर मिसळण्याच्या प्रकाराचा निषेध केला. भारत-पाकिस्तान यांच्यातील १९७२ च्या सिमला करारातही परस्परांविरुद्धचा वैरभावी प्रचार रोखण्याचे कलम आहे. यांपैकी कोणत्याही दस्तऐवजात अमुक भाषेत बोला किंवा बोलू नका, असे म्हटलेले नाही.

भाषेचे नियम : दोन परदेशी नमुने : मेक्सिकोच्या १९६० च्या रेडिओ व दूरचित्रवाणी कायद्याच्या ७५व्या कलमाने केंद्रांवर राष्ट्रभाषेचा, म्हणजे स्पॅनिशचा, वापर सक्तीचा केला. अन्य भाषेला गृहखाते खास बाब म्हणून परवानगी देई, पण पाठोपाठ त्या मजकुराचे स्पॅनिश रूपांतर, पूर्ण किंवा संक्षिप्त, द्यावे लागे. या कायद्याची जागा २०१४ मध्ये नव्या कायद्याने घेतली. अशा कलमामागची पार्श्वभूमी सीमेवरच्या इंग्रजी केंद्रांची आहे. कॅन्सासमध्ये १९३० साली परवाना गमावलेल्या जॉन ब्रिंक्ली या वादग्रस्त वैद्याने पुढच्याच वर्षी टेक्ससलगतच्या मेक्सिकन गावात केंद्र उभारले आणि तेथून अमेरिकेवर इंग्रजी जाहिरातींचा मारा केला. अमेरिकेने उत्तर म्हणून १९३४ च्या दळणवळण कायद्यात ३२५वे कलम घातले. अमेरिकेत स्टुडिओ ठेवून तेथील कार्यक्रम परदेशी केंद्राकडे पाठवायचा आणि तो पुन्हा अमेरिकेत ऐकवायचा असेल, तर त्यानुसार परवाना लागतो. एका देशाने भाषा धरली, दुसऱ्याने स्टुडिओ. पलीकडच्या प्रक्षेपकाला हात घालणे मात्र अमेरिकेच्या कायद्याला शक्य नव्हते.

भारतीय कायदा : १८८५ चा तार अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी प्रक्षेपणाचा आणि ग्रहणाचाही परवाना सरकारच्या हाती ठेवला. रेडिओ ऐकायलाच परवाना लागे. टपाल कचेरीत वर्षाचे शुल्क भरायचे, परवान्याच्या पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचे आणि तपासनीस आला की ती पुस्तिका दाखवायची, हा रिवाज १९८० च्या दशकात परवाना रद्द होईपर्यंत चालला. पुस्तिका संचाची असे, केंद्राची नव्हे. त्या एकाच तिकिटावर पुणेही ऐकता येई आणि कोलंबोही.

सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे ठरवले. प्रसार भारती नोव्हेंबर १९९७ मध्ये अस्तित्वात आली. खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळावी लागते आणि मित्रराष्ट्रांवरील टीका या संहितेत निषिद्ध आहे. बातम्यांच्या बाबतीत त्यांना आकाशवाणीचीच बातमीपत्रे जशीच्या तशी देण्याची मुभा आहे. २००६ च्या सामुदायिक रेडिओ धोरणात प्रक्षेपकाची प्रभावी शक्ती १०० वॅटपर्यंत ठेवली असून किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावेत, असे म्हटले आहे. भारतीय नियमांत भाषेचा आग्रह येतो तोही ‘शक्यतो’ या शब्दासह. १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत झाला.

निजामी मराठवाडा : बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि पश्चिमेला ब्रिटिश अमलातील अहमदनगर जिल्ह्याला भिडत होता. रेडिओच्या दृष्टीने बीडकर श्रोता त्या काळी खरोखरच सीमेवर बसलेला होता. संस्थानाची नभोवाणी १९३५ पासून निजाम सरकारच्या ताब्यात होती. राज्यकारभाराची भाषा उर्दू असली तरी प्रजेच्या भाषांतही कार्यक्रम होत. ब्रिटिश हद्दीत मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ पासून चालू होते. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या १२९व्या कलमात, प्रांतांना व संघराज्यात सामील होणाऱ्या संस्थानिकांना नभोवाणीचे अधिकार विनाकारण नाकारू नयेत, अशी तरतूद होती. हैदराबाद त्या संघराज्यात कधीच आले नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी युद्धबंदीची घोषणा निजामाने रेडिओवरूनच केली. हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे १ एप्रिल १९५० पासून आकाशवाणीकडे आली.

परदेशातून मराठी : दुसऱ्या महायुद्धात परदेशी केंद्रांना मराठीची गरज भासली. सुभाषचंद्र बोस यांच्या प्रेरणेने जर्मनीतून चालवलेल्या आझाद हिंद रेडिओच्या भाषांमध्ये मराठी होती, आणि लंडनहून बीबीसीने १९४२ मध्ये मराठी प्रक्षेपण सुरू केले. म्हणजे एकाच मराठी श्रोत्याला दोन्ही युद्धमान बाजू त्याच्याच भाषेत साद घालत होत्या. बीबीसीची ही सेवा १९५८ मध्ये बंद झाली. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसी मराठी पुन्हा अवतरली ती इंटरनेटवर, जेथे कंप्रतेचा प्रश्नच उरत नाही.

रेडिओ सिलोन : परभाषिक सीमापार केंद्राचे भारतातील सर्वांत लोकप्रिय उदाहरण. कोलंबोत १९२५ पासून नभोवाणी होती. महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने तेथे चालवलेल्या केंद्राचा शक्तिशाली शॉर्टवेव्ह प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या हाती आला आणि त्यावर १९५० च्या सुमारास व्यापारी सेवा उभी राहिली. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते हद्दपार झाली आणि श्रोत्यांची बोटे सुईसकट कोलंबोकडे वळली. ३ डिसेंबर १९५२ रोजी अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली.

या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत, कुलाब्याच्या स्टुडिओत होई; टेप विमानाने कोलंबोला जाई आणि बुधवारी रात्री तोच आवाज समुद्रावरून परत भारतात येई. ब्रिंक्लीच्या निमित्ताने अमेरिकेने ज्या रचनेला परवान्याची अट घातली होती, नेमकी तीच ही रचना. भारताने टेप अडवली नाही, स्पर्धक उभा केला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती मुंबई आणि मद्रास येथील शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरून ऐकू येऊ लागली. म्हणजे कोलंबोला त्याच्याच पट्ट्यावर गाठले गेले. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे आणि नागपूर येथून तिची जाहिरात सेवा सुरू झाली आणि कोलंबोकडे जाणाऱ्या जाहिरातीच्या पैशाला घरात वाट मिळाली. १९८९ मध्ये ‘गीतमाला’ स्वतःच विविध भारतीवर आली.

गोवा : पोर्तुगीज राजवटीत ‘एमिसोरा द गोवा’ हे सरकारी केंद्र १९४६ पासून चालू होते. त्याला उत्तर म्हणून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून एक गुप्त केंद्र चालवले. ते कोकणीत ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘व्होझ द लिबेरदाद’ या नावाने ओळखले जाई. प्रथम सावंतवाडीजवळच्या आंबोलीच्या रानात आणि पुढे कॅसलरॉकच्या परिसरात त्याचा मुक्काम होता. कोकणी प्रक्षेपण गोवेकर जनतेसाठी होते, तर पोर्तुगीज प्रक्षेपण सत्ताधाऱ्यांच्या आणि त्यांच्या सैनिकांच्याही कानी पडावे असे होते. येथे परकी भाषा निवडण्यामागे श्रोत्याची करमणूक हा हेतू नव्हता, प्रतिपक्षाशी त्याच्याच भाषेत बोलणे हा होता. गोवामुक्तीच्या लष्करी कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या हंटर विमानांनी बांबोळी येथील बिनतारी केंद्रावर रॉकेट आणि तोफांचा मारा केला. दुसऱ्या दिवशी सरदेसाई आणि लोबो यांनी हवाई दलाच्या विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता दिली. पुढे दोघे विवाहबद्ध झाले. सरदेसाई यांना १९९२ मध्ये, तर लिबिया लोबो-सरदेसाई यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली.

सद्यःस्थिती : शॉर्टवेव्हचा वापर जगभर घटला आहे आणि परभाषिक प्रक्षेपण मोठ्या प्रमाणात इंटरनेटवर गेले आहे. प्रवाहाच्या रूपात येणाऱ्या आवाजाला ना नऊ किलोहर्ट्झचे अंतर पाळावे लागते, ना ५०६० किलोहर्ट्झची मर्यादा. लहरींसाठी केलेली नियमावली अशा आवाजाला लागू पडत नाही. त्यासाठी प्रत्येक देश माहिती तंत्रज्ञानाचे कायदे वापरतो. जेथे अजून लहरी आहेत तेथे जुनी विभागणी कायम आहे : प्रक्षेपक ज्या देशात, परवाना त्या देशाचा, आणि संच ज्याच्या हाती, निवड त्याची.