चंद्र आणि वापसा

माउली, एकादशी आपण चंद्राच्या तिथीवरून धरतो. मग पेरणीही चंद्र पाहून करावी का? जून १९२४ मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या कोबरविट्झ गावी, बियाण्याचा कस उतरल्याने चिंतेत पडलेल्या शेतकऱ्यांपुढे रुडॉल्फ स्टायनर यांनी आठ व्याख्याने दिली. त्यातून बायोडायनॅमिक शेती उभी राहिली. पुढे मारिया थुन यांनी निरनिराळ्या दिवशी मुळ्याचे बी पेरून पाहिले आणि चंद्र ज्या राशीत, त्याप्रमाणे मूळ, पान, फूल, फळ असे दिवस ठरवले. हार्टमुट स्पीस यांच्या चाचण्यांत मात्र त्या नियमाला पुष्टी मिळाली नाही.

म्हणून उपवासाला तिथी पाहा, पेरणीला वापसा पाहा. चंद्राची वाट पाहता ओल उडाली, तर हंगाम हातचा जातो. थुनबाईंकडून घ्यावी ती नोंद ठेवण्याची सवय.