खानदेशातील लेखनशुद्धीची परंपरा

1818 मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला आणि धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले, तेव्हा येथील कुळकर्ण्यांची दप्तरे मोडी लिपीत होती; आणि मोडीच्या रिवाजात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसल्यामुळे, ज्या कागदाच्या आधारे वतनाचा निवाडा होई, त्याच कागदात आजचा परीक्षक ओळीओळीला चुका काढील. परंतु तो लिहिणारा अशुद्ध लिहीत नव्हता. त्याच्या वाचकांनी मान्य केलेली शिस्त निराळी होती. लेखनशुद्धी हा लिहिणारा आणि वाचणारा यांच्यातील सामाजिक करार आहे, आणि तो निष्ठेने कसा पाळावा, याची उदाहरणे याच प्रांताच्या इतिहासात आहेत.

1893 मध्ये धुळ्यास स्थापन झालेल्या सत्कार्योत्तेजक सभेच्या द्वारे शंकर श्रीकृष्ण देव या वकिलांनी रामदासी मठांतील हस्तलिखिते मिळविण्याचे व्रत घेतले, आणि डोमगाव मठातील, रामदासशिष्य कल्याणस्वामींच्या प्रतीवरून 1905 मध्ये दासबोध छापून प्रसिद्ध केला. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सारख्या असाव्यात, ग्रंथारंभीचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे, असे सांगण्यासाठी समर्थ रामदासांनी ज्या ग्रंथात एक स्वतंत्र समास खर्ची घातला, त्या ग्रंथातही नकलेवरून नक्कल होताना पाठभेद शिरले होते. आणि जुन्या विश्वसनीय प्रतीशी रुजुवात घेतल्यावाचून ते निस्तरणे शक्य नव्हते.

हीच रुजुवात इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी शास्त्राच्या पदवीस नेली. जुन्या लेखनातील रूपे आपल्या कानाला खटकली म्हणून ती सुधारून छापावीत, हा मोह टाळून त्यांनी 1909 मध्ये मुकुंदराजाच्या परंपरेतील ज्ञानेश्वरीची पोथी तिच्या मूळ रूपांसह प्रसिद्ध केली, आणि इतरांना जी केवळ जुनाट विकृती वाटली असती, तिच्यातूनच ज्ञानेश्वरकालीन मराठीचे व्याकरण सिद्ध केले. 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यास त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावाने पुढील वर्षी तेथेच उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांचा मराठी धातुकोश 1937 मध्ये प्रकाशित केला.

पंडितांच्या या उद्योगाच्या शेजारीच, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलाच्या छात्रालयात, साने गुरुजी आपल्या 1924 ते 1930 च्या सेवाकाळात मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढीत. तेथे छापखाना नव्हता, वर्गणीदार नव्हते. परंतु आपला वाचक रोज समोर उभा आहे, ही जाणीव होती, आणि चांगल्या लेखनाला याहून मोठा पहारेकरी लाभत नाही.

याच भूमीशी निगडित अशा दोन घटना 1952 साली घडल्या. राजवाड्यांच्या धातुकोशाचे संपादक कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी अमळनेरच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि जळगावजवळच्या असोद्याच्या निरक्षर बहिणाबाई चौधरी यांची गाणी, त्यांच्या निधनानंतर थोड्याच काळात, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ती गाणी शिष्ट मराठीच्या साच्यात घातली नाहीत, ज्या बोलीत रचली गेली तिच्यातच छापली, हे मराठीचे भाग्य होय. व्याकरणाचा अभ्यास आणि बोलीचा मान यांत विरोध नाही, याला याहून बोलका पुरावा नको.

पुढे साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन-नियमांना 1962 मध्ये शासनाने मान्यता दिली आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. नियम असे कालपरत्वे बदलतात. वाचकाविषयीची आस्था मात्र बदलण्याजोगी नाही. आज संपादकाच्या नजरेखालून न जाता जो तो सहस्रावधी वाचकांपुढे लिहितो, तेव्हा ती आस्था बाळगण्याची जबाबदारी प्रत्येकाच्या शिरावर आली आहे. म्हणून लिहिलेले एकदा वाचून पाहावे, शंका आल्यास कोश उघडावा, दुसऱ्याची चूक सौजन्याने दाखवावी आणि कोणाच्याही बोलीला चूक म्हणू नये.