१९९१-९२ चा हंगाम आणि जर्मनीची द्वितीय बुंडेसलीगा : एकीकरणाच्या इतिहासातील एक प्रकरण

१९९१ च्या शरदऋतूत थुरिंगिया प्रांतातील रोट-वाइस एर्फुर्ट या फुटबॉल संघाने यूएफा चषक स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हॉलंडच्या ग्रोनिंगन संघाला दोन्ही सामन्यांत एकेका गोलाने हरविले. दुसऱ्या फेरीत त्याची गाठ आम्स्टरडामच्या आयाक्सशी पडली व तेथे तो पराभूत झाला; परंतु त्या वर्षीचा चषक अखेर आयाक्सनेच जिंकला असल्यामुळे त्या पराभवात कमीपणा मानण्याचे कारण नव्हते. पुढे १९९२ च्या उन्हाळ्यात हंगामाचा हिशेब पुरा झाला, तेव्हा हाच एर्फुर्ट संघ स्वदेशातील दुसऱ्या श्रेणीतूनही घसरून तिसऱ्या श्रेणीत गेलेला होता. शेजारच्या हाले नगराच्या संघाची कथा याहून निराळी नाही. त्याने मॉस्कोच्या टॉर्पेडो संघाला घरच्या मैदानावर २-१ असे नमविले, मॉस्कोत तो ०-३ असा हरला, आणि वर्षाअखेरीस एर्फुर्टबरोबरच तोही खाली गेला. युरोपीय स्पर्धेत उतरलेले दोन संघ त्याच हंगामात आपल्या देशाच्या दुसऱ्या श्रेणीतही टिकू नयेत, ही गोष्ट क्रीडेतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

या घटनेचा उलगडा सामान्यतः एका वाक्यात केला जातो : पूर्व जर्मनीचा फुटबॉल मुळातच दुबळा होता व पश्चिमेशी गाठ पडताच त्याचे खरे स्वरूप उघडे पडले. हे स्पष्टीकरण सोपे आहे, परंतु ते पुराव्याशी पुरतेपणी जुळत नाही. हंगामाची रचना, त्याआधीच्या दीड वर्षातील घडामोडी आणि त्यांचा क्रम ही तीन अंगे एकत्र पाहिली असता असे दिसते की, निर्णायक ठरले ते सामर्थ्यापेक्षा घटनांचे पौर्वापर्य. खेळाडूंना सीमा आधी मोकळी झाली. क्लबांना साखळी स्पर्धेचे दार मागाहून उघडले. या दोहोंमधील अंतरात पूर्वेकडील क्लबांजवळ जी काही पुंजी होती ती निघून गेली.

प्रथम पूर्वेकडील व्यवस्थेचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. जर्मन लोकशाही प्रजासत्ताकात १९६५-६६ च्या सुमारास निवडक दहा फुटबॉल क्लब स्वतंत्रपणे उभारण्यात आले. एर्फुर्ट, हाले, येना, कार्ल-मार्क्स-श्टाट, लाइपझिग, मागडेबुर्ग, रोस्टॉक ही त्यांतील प्रमुख केंद्रे होत. प्रत्येक क्लबामागे एखादा कारखाना, संयुक्त उद्योगसमूह किंवा शासनाचे एखादे खाते उभे असे. येनाच्या संघाचे नाव कार्ल त्साइस या भिंगांच्या कारखान्याचे होते. बर्लिनच्या डायनॅमो संघाचा पाठीराखा स्वतः राज्यसुरक्षामंत्री एरिख मील्के हा होता. खेळाडू कागदोपत्री कामगार किंवा पोलीस असे, आणि होतकरू मुलाची लहान संघातून मोठ्या क्लबाकडे जी रवानगी होई तिला 'प्रतिनियुक्ती' हाच शब्द होता. त्यात करार नव्हता व मोबदल्याची देवघेवही नव्हती. या व्यवस्थेने मागडेबुर्गला १९७४ चा युरोपीय चषकविजेत्यांचा चषक मिळवून दिला, येनाला १९८१ मध्ये त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले, आणि डायनॅमोला १९७९ पासून १९८८ पर्यंत सलग दहा अजिंक्यपदे दिली. या शेवटच्या यशात पंचांच्या पक्षपाताचा वाटा किती, हा वाद त्या काळापासूनच चालत आलेला आहे. सारांश, खेळाडू हीच क्लबाची खरी मालमत्ता होती, पण तिच्यावर विकण्याजोगा असा मालकीहक्क कोणाचाही नव्हता.

नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत मोकळी होताच हा दुबळेपणा उघड झाला. त्या हिवाळ्यातच आंद्रेआस थॉम हा डायनॅमोचा आघाडीचा खेळाडू लेव्हरकूझेनला गेला. १९९० च्या उन्हाळ्यात ड्रेस्डेनचे माथियास झामर व उल्फ किर्स्टेन अनुक्रमे श्टुटगार्ट व लेव्हरकूझेन येथे, तर थॉमस डोल हाम्बुर्ग येथे दाखल झाला. याच सुमारास, १ जुलै १९९० रोजी, दोन्ही जर्मनींचे चलन एक झाले. वेतन पश्चिमेच्या मार्कात देणे आले, पूर्व युरोपातील गिऱ्हाईक तुटले, आणि जे कारखाने क्लबांचा भार वाहत होते ते स्वतःच विक्रीस अथवा बंद होण्यास निघाले. पूर्व जर्मनीच्या राष्ट्रीय संघाने १२ सप्टेंबर १९९० रोजी ब्रुसेल्स येथे बेल्जियमविरुद्ध आपला अखेरचा सामना खेळला. निमंत्रित खेळाडूंपैकी अनेकांनी येण्याचे नाकारले होते. दोन्ही गोल झामरने केले.

हे सारे घडत असताना क्लबांच्या भवितव्याचा निर्णय मात्र व्हायचा होता. पूर्वेकडील महासंघ २० नोव्हेंबर १९९० रोजी लाइपझिग येथे विसर्जित झाला व त्याची जागा ईशान्य जर्मनीच्या प्रादेशिक संघटनेने घेतली. १९०० मध्ये जर्मन फुटबॉल महासंघाची स्थापना याच नगरात झाली होती, हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी लाइपझिगमध्ये पूर्व व पश्चिम यांचा ऐक्यसामना योजिला होता. दंगलीच्या भयाने तो रद्द करावा लागला.

विलीनीकरणाचे जे सूत्र ठरले ते 'दोन अधिक सहा' असे होते. १९९०-९१ च्या शेवटच्या ओबरलीगातील चौदा संघांपैकी पहिले दोन बुंडेसलीगात, त्यांच्या खालचे चार थेट द्वितीय बुंडेसलीगात, आणि सातव्यापासून बाराव्यापर्यंतचे सहा व खालच्या श्रेणीतील दोन विजेते यांच्या पात्रता-फेरीतून आणखी दोन. या सूत्राकडे केवळ अन्याय म्हणून पाहणे बरोबर नाही. पूर्वेची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख, म्हणजे एकीकृत जर्मनीच्या साधारण एक-पंचमांश होती. वरच्या दोन श्रेणींतील मिळून ४४ जागांपैकी ८ जागा, म्हणजे शेकडा १८, पूर्वेला मिळाल्या. एकूण बेरीज प्रमाणास धरूनच होती. खोच होती ती वाटणीत : पहिल्या श्रेणीत २० पैकी २, तर दुसरीत २४ पैकी ६. म्हणजे पूर्वेच्या प्रतिनिधित्वाचा तीन-चतुर्थांश भाग दुसऱ्या श्रेणीत गेला. यास्तव एकीकरणाची क्रीडाक्षेत्रातील कसोटी पाहावयाची तर ती बुंडेसलीगात न पाहता द्वितीय बुंडेसलीगातच पाहिली पाहिजे.

रोस्टॉक व ड्रेस्डेन वर गेले. एर्फुर्ट, हाले, केम्निट्स व येना यांना दुसऱ्या श्रेणीत थेट प्रवेश मिळाला. पात्रता-फेरीतून लाइपझिग व ब्रांडेनबुर्ग आले. बाहेर कोण राहिले हे अधिक बोलके आहे. पूर्व जर्मनीला एकमेव युरोपीय चषक मिळवून देणारा मागडेबुर्ग बाहेर राहिला. दहा वेळचा अजिंक्य डायनॅमो, आता 'एफ. सी. बर्लिन' असे नवे नाव धारण करून, बाहेर राहिला. त्याच्याच गटातील युनियन बर्लिनही राहिला. परिणामी १९९१-९२ च्या द्वितीय श्रेणीत बर्लिनचे जे दोन संघ होते, हर्था आणि ब्लाऊ-वाइस ९०, ते दोन्ही पश्चिम बर्लिनचे.

आता स्पर्धेच्या रचनेविषयी. द्वितीय बुंडेसलीगा १९७४ मध्ये उत्तर व दक्षिण अशा दोन विभागांत सुरू झाली होती व १९८१ पासून ती एकसंध वीस संघांची होती. संघसंख्या चोवीसवर गेल्यामुळे १९९१-९२ या एका हंगामापुरती पुन्हा दोन विभागांची जुनी पद्धत स्वीकारावी लागली. प्रत्येक विभागात बारा संघ. प्रथम बावीस सामने, नंतर वरच्या सहांची बढतीसाठी व खालच्या सहांची बचावासाठी आणखी दहा सामन्यांची स्वतंत्र फेरी. वर जावयाचे ते प्रत्येक विभागाचा विजेता एवढेच. पूर्वेकडील सहांपैकी एकटा ब्रांडेनबुर्ग उत्तर विभागात पडला आणि उरलेले पाच, हालेसह, 'दक्षिणे'त गणले गेले. जुन्या सीमेपलीकडील प्रदेश पश्चिमेच्या दिशादर्शनात बसविताना भूगोलाची अशी थोडी ओढाताण होणे अपरिहार्य होते.

जी श्रेणी या संघांच्या वाट्यास आली ती दुर्बळांची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. उत्तर विभागातील हानोवर ९६ या संघाने त्याच हंगामात, २३ मे १९९२ रोजी, बोरुसिया म्यॉन्शेनग्लाडबाखला पेनल्टी-फटक्यांवर हरवून जर्मन चषक जिंकला. दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना हा चषक जिंकणारा तो पहिलाच संघ होय. १९७० च्या ऑफेनबाखचा दाखला कोणी देईल. परंतु त्या वर्षीचा अंतिम सामना लांबणीवर पडला व तोपर्यंत ऑफेनबाख बुंडेसलीगात चढलेला होता. अशा उत्तर विभागाचे विजेतेपद उर्डिंगेनने व दक्षिणेचे झारब्रुकेनने मिळविले, आणि ते दोघे वर गेले.

पूर्वेच्या सहा संघांचे निकाल एकसारखे नाहीत, आणि दुबळेपणाचा सिद्धांत येथेच अडखळतो. केम्निट्स, म्हणजे १९९० पर्यंतचे कार्ल-मार्क्स-श्टाट, आणि येना हे दोघे दक्षिणेच्या वरच्या सहांत पोचले. १९०३ च्या पहिल्या जर्मन अजिंक्यसंघाचे 'व्ही. एफ. बी.' हे जुने नाव पुन्हा घेतलेला लाइपझिग टिकला. ब्रांडेनबुर्ग, एर्फुर्ट व हाले हे तिघे खाली गेले. त्यांच्यासोबत खाली जाणाऱ्यांत पश्चिमेचे दोन संघ होते : म्युनिक १८६० मैदानावर हरून गेला, तर ब्लाऊ-वाइस ९० चा परवाना काढून घेण्यात आला. ब्रांडेनबुर्गचे उदाहरण विशेष विचार करण्याजोगे आहे. हा निवडक दहांपैकी नव्हे, तर पोलाद कारखान्याचा संघ. 'श्टाल', म्हणजे पोलाद, हेच त्याचे नाव. त्याची पदावनती १९९२ मध्ये झाली आणि कारखान्याची शेवटची भट्टी डिसेंबर १९९३ मध्ये विझली. संघ गेला म्हणून कारखाना गेला नाही. तेव्हा उलट दिशेने कार्यकारणभाव शोधणे अधिक सयुक्तिक ठरते.

पौर्वापर्याचा जो मुद्दा वर मांडला त्याचे सर्वांत स्पष्ट चित्र मात्र पहिल्या श्रेणीच्या अखेरच्या दिवशी, १६ मे १९९२ रोजी, दिसते. त्या दिवशी श्टुटगार्टने लेव्हरकूझेनला २-१ असे हरवून अजिंक्यपद मिळविले. श्टुटगार्टकडे झामर होता, आणि सामना संपण्यापूर्वी तो मैदानाबाहेर घालविला गेला. लेव्हरकूझेनच्या चमूत थॉम व किर्स्टेन हे होते. त्याच वेळी रोस्टॉकने फ्रँकफुर्टला हरवून त्याच्या हातचे अजिंक्यपद हिरावले, पण स्वतःला वाचविण्यास तो विजय अपुरा पडला व रोस्टॉक द्वितीय श्रेणीत उतरला. पूर्वेचे खेळाडू जर्मनीच्या अजिंक्यपदाच्या झगड्यात आहेत आणि पूर्वेचा शेवटचा अजिंक्य क्लब खाली जात आहे, ही दोन दृश्ये एकाच दुपारची आहेत. ज्या मातीत असे खेळाडू निपजले तिला निकस म्हणता येणार नाही. पीक दुसऱ्याच्या कोठारात गेले, एवढाच याचा अर्थ.

आठ जागांच्या एका वर्षात पाच झाल्या : वर ड्रेस्डेन, खाली रोस्टॉक, येना, केम्निट्स व लाइपझिग. १९९२-९३ मध्ये चोवीस संघांची एकच साखळी खेळविली गेली. प्रत्येकास ४६ सामने. त्यात लाइपझिग तिसरा येऊन बुंडेसलीगात चढला आणि लगेच पुढच्या वर्षी तळाशी राहून परतला. केम्निट्सने त्याच वर्षी जर्मन चषकाची उपांत्य फेरी गाठली. १९९३ मध्ये युनियन बर्लिनने मैदानावर द्वितीय श्रेणीचा हक्क मिळविला, परंतु त्याने सादर केलेली बँकेची हमी बनावट निघाल्याने परवाना नाकारला गेला. ड्रेस्डेनची १९९५ मध्ये पदावनती झाली व परवानाही गेला. मैदानावरील गुणांइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, महत्त्व या काळात ताळेबंदाला आले होते. आणि ताळेबंद मांडण्याचा सराव पूर्वेच्या क्लबांना कधी पडलेलाच नव्हता.

एर्फुर्टला द्वितीय बुंडेसलीगात परतण्यास २००४ साल उजाडावे लागले, व तेही एकाच हंगामापुरते. याउलट कॉटबुसचा एनर्गी हा संघ १९९१ मध्ये ओबरलीगात तेरावा आल्याने पात्रता-फेरीतही शिरू शकला नव्हता. 'दोन अधिक सहा' या सूत्राने पूर्णपणे बाजूस सारलेला हा संघ तिसऱ्या श्रेणीत राहून सावकाश उभा राहिला, १९९७ मध्ये द्वितीय श्रेणीत आणि २००० मध्ये बुंडेसलीगात पोचला. एप्रिल २००१ मध्ये त्याने वोल्फ्सबुर्गविरुद्ध जे अकरा खेळाडू सुरुवातीस मैदानात उतरविले, त्यांत एकही जर्मन नव्हता.