गोरेगांवचीं घरें आणि त्यांचे कारभारी

संस्था काढणारा मोठा कीं ती पुढें चालविणारा मोठा, हा वाद आपल्याकडे वारंवार रंगतो. परंतु एकाच्या कनवटीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं जाते, त्या क्षणाकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. आज मुंबईच्या उपनगरांतील गोरेगांव या एकाच ठिकाणीं दृष्टि ठेवून अशा दोन प्रसंगांविषयीं बोलावें असा माझा विचार आहे. विषय आहे सामान्य माणसाच्या घराचा.

मुंबईंत घराची विवंचना जुनीच आहे. 1915 सालीं गांवदेवीस सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. रावबहादूर तालमकी हे तिचे प्रवर्तक. पुढें 1920 नंतर सरकारी डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, शिवडी वगैरे ठिकाणीं चाळी बांधल्या. पण सहकारी संस्थेचा सभासद होण्यास गांठीं थोडे तरी पैसे असावे लागतात आणि सरकारी चाळींतील खोल्या कितीही झाल्या तरी मोजक्याच. उरला तो माणूस आगगाडीच्या रुळांच्या कडेनें उत्तरेकडे सरकत गेला. 1957 सालीं मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली व गोरेगांव मुंबईंत आलें. कागदावर आलें, इतकेंच. कर मुंबईचा, पण नळाचें पाणी दुर्मिळ, अशी त्या काळच्या उपनगरांची स्थिति होती.

या गोरेगांवांत केशव गोरे नांवाचे समाजवादी कार्यकर्ते काम करीत असत. मित्रमंडळी त्यांना बंडू म्हणत. 1948 सालीं त्यांचा विवाह मृणाल मोहिले यांच्याशीं झाला. बाईंनीं वैद्यकीचा अभ्यास सोडून देऊन याच कामास वाहून घेतलें. 1958 सालीं केशवराव अकालीं वारले. पदरीं लहान मुलगी, वय अवघें तिशीचें. अशा वेळीं आपल्या समाजाची रीत ठरलेली आहे. दुखवट्याची सभा भरते, तसबिरीस हार पडतो, आणि विधवेनें आतां घर सांभाळावें असें वडीलधारे सुचवितात. येथें मित्रांनीं व बाईंनीं केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा केला. आणि काम थांबलें नाहीं. 1961 सालीं मृणालताई महापालिकेंत निवडून गेल्या. पाण्यासाठीं त्यांनीं जीं भांडणें केलीं त्यांमुळें लोकांनीं त्यांना ‘पाणीवाली बाई’ ही पदवी दिली. या पहिल्या हस्तांतरास ठराव नव्हता, सूचक नव्हता, अनुमोदकही नव्हता. लोकांच्या तक्रारी रोज दारीं येत होत्या; त्या ऐकून घेण्यास कोणी तरी हवें होतें, आणि त्या तेथें होत्या.

पुढील इतिहास श्रोत्यांस ठाऊक आहे : 1972 ची विधानसभा, लाटणीं घेऊन निघालेले महागाईविरोधी मोर्चे, आणीबाणींतील कारावास, 1977 ची लोकसभा. मला थांबावयाचें आहे तें 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यापाशीं. या कायद्यानें मुंबईंत रिकाम्या जमिनीची मर्यादा 500 चौरस मीटर ठरविली. त्यावरील जमीन सरकारनें घ्यावी व ती लोकांच्या उपयोगीं आणावी, असा हेतु. परंतु त्याच कायद्याच्या विसाव्या कलमानें सूट देण्याचा अधिकारही सरकारच्याच हातीं ठेवला. दार लावावें आणि खिडकी उघडी टाकावी, तसा प्रकार.

ही जमीन घरांसाठीं मागणारी संस्था म्हणजे नागरी निवारा परिषद. मृणालताईंच्या बरोबर तींत प. बा. सामंत होते, 1982 सालीं मुख्यमंत्री अंतुले यांना ज्या खटल्याच्या निकालानंतर पद सोडावें लागलें, त्यांतील अर्जदार ते हेच. कोर्ट, सचिवालय आणि रस्ता अशा तिन्ही ठिकाणीं खेटे घालून गोरेगांव पूर्वेस दिंडोशी येथें सुमारें 60 एकर जमीन मिळाली व तींवर सुमारें 6,000 घरें झालीं. तीं स्वस्त कशीं पडलीं, यांत जादू कांहीं नाहीं. मुंबईंत घराच्या किंमतींत विटांपेक्षां जमिनीचाच वांटा मोठा असतो. जमिनीचा बाजारभाव आणि मधल्या माणसाचा नफा हीं दोन ओझीं उतरलीं, म्हणजे बांधकामाचा खर्च तेवढा उरतो.

घरें झालीं आणि दुसरा हस्तांतराचा प्रसंग आला. लढा चालविणारी परिषद एक. पण राहणाऱ्यांच्या सहकारी संस्था अनेक. प्रत्येकीस आपला अध्यक्ष, आपला सचिव, आपली वार्षिक सभा. मोर्चास जें नेतृत्व लागतें तें गळक्या गच्चीस उपयोगी पडत नाहीं. पंप कधीं चालू करावयाचा, थकबाकी कोणाकडून कशी वसूल करावयाची, हीं कामें चिकाटीच्या, हिशेबी माणसाचीं आहेत. तीं रुक्ष वाटतात म्हणून शिकलेली माणसें सभेस जात नाहींत आणि मग कारभार बिघडला म्हणून कुरकुरतात. हें मी अनेक वर्षें पाहत आलों आहें.

लंडनमध्यें 1865 पासून गरिबांच्या घरांची व्यवस्था पाहणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल बाईंनीं आपल्यामागें आपली पद्धत कोणी जशीच्या तशी चालवूं नये, असें सांगितलें होतें. काळ बदलेल, तेव्हां नव्यांनीं नव्या डोळ्यांनीं पाहावें, हा त्यांचा आशय. मला तो पटतो, पण अर्धाच. नवे डोळे मिळतील. नवी जमीन कोठून आणावी? दिंडोशीच्या रहिवाशांस घरें मिळालीं, कारभार मिळाला. ज्या कायद्याच्या आधारानें तीं घरें मागतां आलीं, तो मात्र वारशांत आला नाहीं. केंद्रानें 1999 सालीं तो रद्द केला. महाराष्ट्रानें आणखी आठ वर्षें धरून ठेवला व 2007 च्या नोव्हेंबरांत विधिमंडळानें तोही सोडून दिला. मृणालताई त्यानंतर पांच वर्षांहून कमीच जगल्या. 17 जुलै 2012 रोजीं त्या निवर्तल्या.