नाव आणि हिशेब

२४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतील हजारो भूमिपुत्र बेलापूरच्या सिडको भवनाकडे निघाले. विमानतळाला शेकापचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे, ही त्यांची मागणी. त्यामागची भावना खोटी नव्हती. परंतु जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमावले, तेव्हा दिबांचा झगडा जमिनीच्या मोबदल्यासाठी होता. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे तत्त्व त्याच लढ्याचे फलित. भावनेने माणसे रस्त्यावर आणली; आकड्याने सरकारला उत्तर देणे भाग पाडले. नाव देताना शासनाला गुंठाभरही जमीन सोडावी लागत नाही. म्हणूनच दिबांचे नाव घेणाऱ्याने त्यांचा हिशेबही विचारला पाहिजे.